पानाला हिशेब कशाला शिकवायचा?

प्रिय ताई,

नारायण पेठेत आमचं छोटं ऑफिस आहे. मालक, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, मी, आणि डीटीपी बघणारे एक काका. काका पानांवरचा मजकूरही बदलतात. मंगल कार्यालयांच्या वेबसाइट आणि बुकिंगचं सॉफ्टवेअर हे आमचं मुख्य काम. सगळं दादांनी २०११-१२ मध्ये साध्या पीएचपीत, म्हणजे सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या भाषेत, लिहिलेलं. बुकिंगच्या एकाच पानात दीड हजार ओळी आहेत. पानाची मांडणी करणारं एचटीएमएल, डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या क्वेऱ्या, भाड्याचा हिशेब, सगळा एकच काला. दोन महिन्यांपूर्वी हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीतून एक सर आमच्याकडे आले. त्यांचं म्हणणं, टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पान दाखवणाऱ्या फाइलीत, एकही 'इफ', म्हणजे जर-तर, दिसता कामा नये, सगळं लॅरावेल या पीएचपीच्या तयार सांगाड्यात नव्यानं लिहू. दादा म्हणतात, "चालतंय ना? मग हात लावू नका." माझी मैत्रीण ब्राउझरमधली पानं बनवायच्या रिअ‍ॅक्टवर काम करते. ती म्हणते, आता तर सगळं परत एकाच फाइलीत असतं. मी कोणाचं ऐकू? आणि दादांना न दुखवता कसं सांगू? सोबत ते पान आणि सरांनी नमुना म्हणून लिहिलेला एक क्लास, म्हणजे फंक्शनांचा एक गठ्ठा, पाठवते आहे.

तिघांच्या कात्रीत सापडलेली, नारायण पेठ

अगं, आधी तुझ्या पानाबद्दल बोलते, मग त्या तिघांबद्दल.

रात्री जेवणं आवरल्यावर फाइल उघडली. म्हटलं दहा मिनिटं चाळू. साडेअकरा वाजले. दोनशे बाराव्या ओळीपाशी बुकिंगचं टेबल सुरू होतं. तिथे एक टीडी, म्हणजे टेबलातला एक चौकोन, उघडतो आणि तो बंद व्हायच्या आत तेवीस ओळी पीएचपी आहे. तारीख मुहूर्ताच्या यादीत असेल तर भाडं दीडपट, आदल्या संध्याकाळपासून हॉल हवा असेल तर वर आठ हजार, मग त्यावर जीएसटी, मग एकदाचा आकडा छापला आणि टीडी मिटला. हाच हिशेब अकराशेच्या पुढे पावतीसाठी पुन्हा लिहिलाय. तिथे मात्र आदल्या संध्याकाळचे साडेसात हजार आहेत. म्हणजे मॅनेजर पडद्यावर बघून एक आकडा सांगतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडते ती पावती पाचशेनं, जीएसटी धरला तर पाचशे नव्वदनं कमी!

कधीतरी दर वाढला, दादांनी एका जागी बदलला आणि दुसरी जागा राहून गेली, एवढंच झालं असणार. दीड हजार ओळींत कोणाचंही राहील. तुमच्या लक्षात कसं आलं नाही याचंच मला नवल वाटतं. बहुतेक पुण्यातलं गिऱ्हाईक कमी रकमेची पावती हातात आल्यावर गप्प बसलं असेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर याच पाचशे नव्वद रुपयांत आहे. टेम्प्लेटमध्ये कोड असावा की नसावा, हा वाद मी पंचवीस वर्षं ऐकतेय, आणि दर वेळी माणसं किती कोड असावा यावर भांडतात. मला विचारशील तर कोणता कोड आहे ते बघावं. कुठल्याही ओळीवर बोट ठेव आणि विचार, की हीच माहिती उद्या पानाऐवजी छापील पावतीवर द्यायची झाली, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची झाली, तर ही ओळ लागेल का? मुहूर्ताला दीडपट भाडं, ही लागणारच. ती धंद्याची ओळ, तिला पानातून काढ आणि एकाच जागी ठेव. टेबलात एक आड एक ओळ फिकट पिवळी दाखवायची, हे व्हॉट्सअ‍ॅपला लागणार नाही. ती पानाची ओळ, ती तिथेच सुखानं नांदू दे. 'या महिन्यात एकही बुकिंग नाही' असं दाखवण्यासाठी लागणारा 'इफ' हाही पानाचाच.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. सदाशिव पेठेतल्या एका शिकवणीच्या क्लासच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे होतं. फीवर सेवाकर लागायचा, आणि तो टक्का मी जिथे जिथे फी छापायची त्या त्या पानात सरळ आकड्यात लिहून ठेवला होता. १ जून २०१५ ला सेवाकर १४ टक्के झाला, पाच-सहा पानांत बदलला. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून स्वच्छ भारत उपकर आला, साडेचौदा. पुन्हा बदलला. १ जून २०१६ पासून कृषी कल्याण उपकर, झाले पंधरा. तोवर पानांची संख्या अकरावर गेली होती. आणि ३० जून २०१७ च्या रात्री, उजाडल्यावर जीएसटी १८ टक्के लागणार म्हणून, मी वैतागून एडिटरला सांगितलं की १५ दिसेल तिथे १८ कर. सकाळी क्लासच्या सुट्ट्यांच्या यादीत स्वातंत्र्यदिन १८ ऑगस्टला आला होता. दीडशे पिक्सेलचे फोटो एकशे ऐंशीचे होऊन रांग मोडून खाली उतरले होते. आणि 'आमचे २०१५ चे यशस्वी विद्यार्थी' हे '२०१८ चे यशस्वी विद्यार्थी' झाले होते. एका पालकांनी फोन करून अत्यंत शांतपणे विचारलं, "पुढच्या वर्षीचा निकाल तुमच्याकडे आधीच आलाय का? म्हणजे आमच्या मुलाचं नाव आहे का ते बघून प्रवेश घेतो." फोन ठेवला आणि तो टक्का त्याच दिवशी एका फाइलीत हलवला. चौथ्या खेपेला!

आता तुमचे सर. त्यांना एक गोष्ट सांग, म्हणजे माझं नाव न घेता सांग. पानात कोड मिसळणं, ज्याला ते पाप समजतात, ते एके काळी औषध होतं. १९९५ मध्ये रासमुस लेर्डोर्फनं पीएचपीची पहिली हत्यारं खुली केली, तेव्हा वेबसाठी लिहायचं म्हणजे पर्ल नाहीतर सी या भाषेत सीजीआय प्रोग्रॅम, म्हणजे सर्व्हरवर चालून पान छापून देणारा प्रोग्रॅम, लिहायचा. त्यात एचटीएमएल कोडच्या पोटात असायचं. एकेका टॅगला एकेक प्रिंट. एक शब्द ठळक करायचा तरी प्रोग्रॅमरला हाक मारा. पीएचपी, १९९६ च्या शेवटी आलेलं एएसपी, १९९९ चं जेएसपी या भावंडांनी हे उलटं केलं. पान पानासारखं दिसायला लागलं, मध्ये मध्ये कोडच्या चकत्या. लोकांना हायसं वाटलं. मग चकत्या लांबत गेल्या आणि त्यांची तुझी फाइल झाली.

त्याला कंटाळून लोक दुसऱ्या टोकाला गेले. २००४ मध्ये टेरेन्स पार या प्राध्यापकानं टेम्प्लेटनं काय करायचं नाही याचे पाच नियम मांडले. मूळ माहिती बदलायची नाही, तिच्यावर हिशेब करायचा नाही, तिची तुलनासुद्धा करायची नाही. म्हणजे 'भाडं लाखाच्या वर आहे का' असं पानानं विचारायचं नाही, 'मोठं बुकिंग आहे' हे उत्तर तयार करून त्याच्या हातात द्यायचं. २००९ मध्ये आलेल्या मस्टॅश या टेम्प्लेटच्या भाषेनं तर आपल्यात लॉजिकच नाही अशी जाहिरात केली. तुमचे सर या घराण्यातले. पण गंमत अशी की पारच्या टेम्प्लेटमध्येही 'आहे की नाही' एवढं विचारायची मुभा होती, आणि मस्टॅशमध्येही यादी रिकामी असली तर वेगळा मजकूर दाखवता येतो. 'इफ' पुढच्या दारानं घालवला तरी मागच्या दारानं येतोच. त्याला बसायला पाट दिलेला बरा.

पारचा पाचवा नियम सरांना मोठ्यानं वाचून दाखवायला हवा. माहितीच्या बाजूनं पानाच्या दिसण्यात नाक खुपसायचं नाही! तू पाठवलेल्या क्लासमध्ये बुकिंगची स्थिती सांगणारं फंक्शन आहे बघ. ते 'रद्द' हा शब्द स्पॅन टॅगमध्ये गुंडाळून, लाल रंग लावून परत देतं. टेम्प्लेटमध्ये 'इफ' नको म्हणून तो फंक्शनमध्ये गेला आणि जाताना टॅग नि रंग दोन्ही बरोबर घेऊन गेला. हे परत पर्लचं सीजीआयच झालं, कपडे तेवढे नवे. उद्या तुमच्या डीटीपीच्या काकांना लालचा मरून करायचा असेल तर त्यांनी काय, सरांचा क्लास उघडायचा? फंक्शननं 'रद्द' एवढं सांगून थांबावं. ते लाल दिसावं की राखाडी, हे पान बघेल, आणि त्यासाठी पानात एक 'इफ' लागला तर लागू दे.

काकांचा विषय निघालाच आहे तर सांगते, तुमच्या ऑफिसात या सगळ्या वादातला महत्त्वाचा माणूस तेच आहेत, आणि तुझ्या पत्रात त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्यं आली आहेत. जँगो हे पायथन भाषेतलं वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क अमेरिकेतल्या कॅन्सासमधल्या लॉरेन्स या गावच्या एका वर्तमानपत्रात जन्मलं, २००५ मध्ये खुलं झालं. त्याची टेम्प्लेटची भाषा मुद्दाम तोकडी ठेवलेली आहे, कारण पान सजवणाऱ्याला पायथन येत असेलच असं धरून चालत नव्हते. म्हणजे टेम्प्लेट कोण उघडणार हे आधी पाहिलं, मग त्यात काय ठेवायचं ते ठरलं. तुमच्याकडे ते उघडणार काका. मी तुझ्या वयाची असताना आमच्याकडेही असे एक काका होते. एका पानात 'आमंत्रण'चा काना राहिला होता म्हणून त्यांनी नोटपॅडमध्ये फाइल उघडली, काना दिला, यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली, आणि सगळ्या साइटचं लॉगिन बंद. 'हेडर्स ऑलरेडी सेंट.' तेव्हाचं नोटपॅड फाइलीच्या तोंडाशी तीन अदृश्य बाइट चिकटवायचं. पीएचपी आधी ते छापून मोकळं व्हायचं, आणि मग लॉगिन लक्षात ठेवणारी कुकी पाठवायची वेळ टळून गेलेली असायची. एका कान्यापायी अख्खी दुपार गेली. लॉगिनचा कोड आणि 'आमंत्रण' एकाच फाइलीत नसते तर काका तीन बाइट चिकटवोत नाहीतर तीनशे, लॉगिन चालू राहिलं असतं.

सरांच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा आहे आणि तो त्यांनी मांडलेलाच दिसत नाही. दादांच्या पानात गिऱ्हाइकानं भरलेला मजकूर, म्हणजे नाव, पत्ता, 'विशेष सूचना', हे सगळं छापताना त्यातले टॅग निष्प्रभ करणारं एचटीएमएल-स्पेशल-चार्स हे फंक्शन हातानं लावावं लागतं. मी मोजलं. एकोणचाळीस जागी असा मजकूर छापलाय, एकतीस ठिकाणी लावलंय, आठ राहिल्या. त्या आठांपैकी 'विशेष सूचना' मध्ये कोणी स्क्रिप्ट टॅग लिहून पाठवला तर तो कार्यालयाच्या मॅनेजरच्या ब्राउझरमध्ये, त्याच्या लॉगिनच्या अधिकारानं चालेल. लॅरावेलची टेम्प्लेटची भाषा ब्लेड, तसंच ट्विग, जँगो यांत ही चाळणी आपोआप लागते, आणि टेम्प्लेट इंजिन घ्यायचं माझ्या मते खरं कारण हे. ब्लेडमध्ये दुहेरी महिरपी कंसात लिहिलं की मजकूर चाळून येतो. उद्गारचिन्हांचा कंस वापरला की चाळणी बंद. आणि सरांचं ते स्पॅनवालं फंक्शन छापायला नेमका उद्गारचिन्हांचाच कंस लागणार. बघ म्हणजे.

क्वेऱ्यांबद्दल थोडक्यात. तुमच्या त्याच टेबलात दर ओळीला गिऱ्हाइकाचं नाव आणायला वेगळी क्वेरी जाते. साठ बुकिंगं, एकसष्ट क्वेऱ्या. तुळशीची लग्नं लागली की पान का रखडतं याचं कोडं सुटलं का? लॅरावेलमध्ये गेल्यावर हे आपोआप मिटेल असं समजू नकोस. तिथे ब्लेडमध्ये बुकिंग, बाण, गिऱ्हाईक, बाण, नाव एवढं निरागस दिसतं आणि मागून गुपचूप तेच साठ हेलपाटे. गिऱ्हाइकं आधीच एकदम मागवून ठेवायची. लेझी लोडिंगला, म्हणजे असं एकेक करून आणण्याला, मनाई करायची सोय लॅरावेलमध्ये आहे, काम करताना ती चालू ठेवा म्हणावं.

पानाच्या बाजूला राहू द्यायच्या कोडचं माझं लाडकं उदाहरण स्वल्पविरामाचं. पीएचपीचं नंबर-फॉरमॅट सव्वा लाख रुपये '१२५,०००' असे छापतं. पत्रिका छापायला टाकून आलेल्या मुलीच्या बापाला तो आकडा वाचताना एकदा थांबावं लागतं. आपल्याला '१,२५,०००' हवं. पीएचपीच्या इंटल या जोडभागातला नंबर-फॉरमॅटर मराठी लोकेल, म्हणजे मराठीची पद्धत, दिली की लाखाचे स्वल्पविरामही घालतो आणि देवनागरी आकडेही देतो. 'रुपये' नावाचं छोटं फंक्शन करा आणि टेम्प्लेटमधून खुशाल हाक मारा. हिशेबाच्या बाजूनं मात्र साधा आकडाच यायला हवा, कारण स्वल्पविराम घातलेल्या आकड्याची पुन्हा बेरीज करायला गेलं की वाट लागते.

मैत्रिणीचं खरं आहे, पण ती दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलतेय. २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट खुलं झालं तेव्हा त्या लोकांचा मुद्दा होता की एचटीएमएल एका फाइलीत आणि जावास्क्रिप्ट दुसरीत ठेवल्यानं कामं वेगळी होत नाहीत, नुसत्या भाषा वेगळ्या होतात. एका बटणाचं दिसणं आणि वागणं एकत्र ठेवा, ते एकच काम आहे. मला पटतं. पण मुहूर्ताचं दीडपट भाडं ती तिच्या कंपोनंटमध्ये, म्हणजे बटणाच्या त्याच फाइलीत, ठरवते का, विचार तिला. ठरवत असेल तर तिलाही मला पत्र लिहायला सांग.

मग तू करायचं काय? सगळं नव्यानं लिहायला घेऊ नका. त्या दीड हजार ओळींत असे नियम दडलेले असतात जे दुसरीकडे कुठेच लिहिलेले नसतात. तुझ्याच फाइलीत आठशे चौतीसाव्या ओळीवर एका विशिष्ट केटररला अनामत माफ केलीय. का? ते फक्त दादांना ठाऊक. नवं लिहिताना ते गळालं की केटररचा फोन दादांना, आणि दादांचा आवाज सगळ्या पेठेला. आत्ता चातुर्मास आहे. काढीव मुहूर्त सोडले तर कार्यालयं रिकामी आहेत, फाइल उघडी करायला हाच काळ बरा. एकच पान घे, बुकिंगचं. लॅरावेलही नको, आहे ते पीएचपी पुरे. फाइलीच्या वरच्या भागात डेटाबेसमधून जे जे आणायचं ते सगळं आण, भाड्याचे सगळे नियम एका फंक्शनमध्ये घाल, उत्तरं एका अ‍ॅरेत भर. खालच्या भागात फक्त छाप. खाली क्वेरीचं नाव दिसलं की वर ढकल, गुणाकार दिसला की वर ढकल. पान दुसरीकडे पाठवायचं काम, म्हणजे रीडायरेक्ट, तेही वरच व्हायला हवं, एक अक्षर छापून झाल्यावर ते होत नाही. मग दोन भागांमधल्या रेघेवर कात्री चालव, खालचा तुकडा वेगळ्या फाइलीत टाक आणि वरून इन्क्लूड कर. खालच्या तुकड्यात महिरपी कंसांऐवजी इफ-कोलन आणि एंडइफ वापर, म्हणजे काकांना कुठे काय संपतं ते दिसेल. आठवडाभराचं काम आहे. एवढं झालं की पुढे ब्लेडमध्ये न्यायचं तर तो खालचा तुकडा एका दुपारी जाईल, आणि सरांचाही मान राहील.

फंक्शन झालं की पावती आणि पडदा दोघांनाही त्यालाच विचारू दे, आणि मुहूर्ताची एक तारीख, साधी एक, आदल्या संध्याकाळसकट एक, अशा तीन बुकिंगांची उत्तरं दादांकडून कागदावर लिहून घे. फंक्शनची उत्तरं त्या कागदाशी जुळली पाहिजेत. पानात अडकलेल्या हिशेबाला असं वेगळं तपासताच येत नाही.

दादांशी बोलताना कोड हा शब्द काढू नकोस. त्यांच्या त्या फाइलीनं इतकी वर्षं तुम्हा सगळ्यांचे पगार केलेत. 'हे चुकीचं लिहिलंय' असं सव्वीस वर्षांच्या मुलीनं म्हटलं की कोणाच्याही कपाळाला आठी पडेल. बुकिंगचं पान उघड, त्याच बुकिंगची पावती छाप, दोन्ही त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेव आणि चहा सांग. पाचशे नव्वद रुपयांचा फरक दादांच्या नजरेतून सुटणार नाही. "हे असं कसं?" असं ते स्वतः विचारतील, तेव्हा सांग की दर दोन जागी लिहिलाय, परवानगी दिलीत तर एका जागी आणते. फार बोलू नकोस. वर्षभरात अशा किती पावत्या गेल्या हे ते मनातल्या मनात मोजत असतील.

आणि हो, या सगळ्याच्या आधीचं एक काम. तू मला पाठवलेल्या फाइलीच्या चौथ्या ओळीवर कार्यालयाच्या डेटाबेसचा पासवर्ड आहे. मी ती फाइल माझ्याकडून पुसून टाकलीय. पासवर्ड आजच बदल, आणि नवा त्या पानात लिहू नकोस.

तुझी,
ताई